ऑफिसचं किंवा कारखान्याचं चांगलं कल्चर वरचे लोक नेमकं कसं घडवतात?

तुम्ही लिहिलंय की साठ माणसांची कंपनी आहे, मालकांनी 'कल्चर सुधारा' म्हणून जबाबदारी तुमच्यावर टाकलीय आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. भिंतीवर बोर्ड लावायचा विचार असेल तर ते पैसे वाचवा. मी बावीस वर्षं मशीन शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात मशीनवर धातूचे पार्ट बनतात त्या विभागात काढली, आधी ऑपरेटर, मग सुपरवायझर. खालचा माणूस वाईट बातमी घेऊन आला की साहेब काय करतात, हे सगळा शॉप बघत असतो आणि त्यावरच पुढे वागतो.

भोसरीत माझ्या पहिल्या कंपनीच्या दारातच क्वालिटीचा मोठा बोर्ड होता. एकदा सेकंड शिफ्टला एका पोराच्या लक्षात आलं की इन्सर्ट (धातू कापणारं टोक) झिजलाय आणि बोअरची, म्हणजे पार्टमधल्या भोकाची, साईज गेलीय. तो आपणहून सांगायला गेला. साहेब सगळ्यांसमोर ओरडले, दुसऱ्या दिवशी हातात मेमो. पुढच्या वेळी साईज गेली तेव्हा त्याने तो माल गुपचूप चांगल्या मालात मिसळला. सापडला थेट कस्टमरच्या लाईनवर, आणि आम्ही चौघं तीन दिवस त्यांच्या गोडाऊनमध्ये सॉर्टिंग करत बसलो. मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मीही बोललो नाही.

नंतर एका ट्रेनिंगमध्ये न्युमीची गोष्ट ऐकली. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या वर, दारू, भांडणं; 1982 मध्ये बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच न्युमी या नावाने पुन्हा सुरू झाला. युनियन तीच, कामगारही बहुतेक तेच. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली आणि गाड्या जपानमधल्या टोयोटाच्या तोडीच्या निघू लागल्या. म्हणजे 'आमची माणसंच तशी' हे आपलं आवडतं कारण तिथेच निकालात निघतं.

तिथे लाईनच्या बाजूने एक दोरी होती. काही चुकलं की कामगाराने ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या जागेपर्यंत प्रश्न सुटला नाही तर लाईन थांबते. जुन्या कारखान्यात लाईन थांबवणं म्हणजे पाप! दोरी कुणीही बसवेल हो. ओढल्यावर शिव्या पडत नाहीत, हा विश्वास बसवायला वेळ लागतो. त्याला पैसेही लागतात. 1988 च्या सुमारास गाड्या खपेनात, क्षमतेच्या साठ टक्केही काम नव्हतं, तरी त्यांनी कामगार काढले नाहीत. ट्रेनिंगला आणि सुधारणेच्या कामाला लावले. साहेबांना वेगळं पार्किंग नाही, वेगळं कॅन्टीन नाही, हेही होतं, पण माझ्या मते खरी परीक्षा त्या मंदीत झाली.

माझ्या दुसऱ्या कंपनीत असे एक प्लान्ट हेड भेटले. एका सेटरच्या (मशीन लावून देणाऱ्याच्या) चुकीने टूल आत आदळून मशीनचं नुकसान झालं, तो घाबरत सांगायला आला. साहेब म्हणाले, "लगेच आलास ते बरं केलंस. चल, बघू." शॉपवर गेले, मेंटेनन्सवाल्याबरोबर तासभर उभे राहिले. नुकसान व्हायचं ते झालंच. पण त्या महिन्यापासून लोक चुका सांगायला लागले आणि कागदावरचं रिजेक्शन वाढलं! मालकांना वाटलं कारभार बिघडला. ते आकडे आधीही तेवढेच होते, फक्त भंगाराच्या पिंपात लपलेले होते, हे त्यांना पटवायला साहेबांना बरंच झगडावं लागलं.

तुमच्याकडेही पहिले तीन-चार महिने तक्रारी वाढतील, हे मालकांना आत्ताच सांगून ठेवा. सर्व्हे, सहल, वाढदिवसाचा केक वगैरे नंतर करा. आणि मालक स्वतःच चारचौघांत ओरडणारे असतील, तर पहिलं बोलणं त्यांच्याशीच, केबिनचं दार लावून. मला पहिल्या कंपनीत ते धाडस झालं नाही. मी नोकरी बदलली.