गाढवाच्या पोटाखालून तीनदा

प्रश्न : माझी मुलगी आयर्लंडमध्ये गॉलवेजवळच्या खेड्यात राहते. नात दीड महिन्याची आहे. शेजारच्या आजी म्हणतात, पूर्वी डांग्या खोकल्यावर मुलाला गाढवाच्या पोटाखालून काढत. खरंच असं करत? आणि त्यांनी दिलेली हंसाची चरबी नातीच्या छातीला चोळावी का? – एक आजी, नाशिक

उत्तर : ताई, आधी नातीचं. चरबी तिला चोळू नका. दोन महिने पूर्ण झाले की तिथे डांग्या खोकल्याची पहिली लस देतात, ती चुकवू नका. तान्ह्या बाळाला या आजारात कधीकधी खोकला येतच नाही, नुसता श्वास अडकतो. तसं वाटलं तर तडक दवाखाना.

आता शेजारच्या आजींचं. त्या अगदी खरं सांगताहेत. गाढवाच्या एका बाजूला एक जण, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि बाळ पोटाखालून तीनदा या हातातून त्या हातात. येशू गाढवावर बसून जेरुसलेमला गेला, म्हणून गाढवाच्या पाठीवर क्रूसासारखा पट्टा उमटला, अशी श्रद्धा. फेरेटने, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या पाळीव प्राण्याने, उष्टं टाकलेलं दूधही याच खोकल्यावर पाजत. गालगुंड झालं की मुलाला गाढवाचं दावं घालून डुकरांच्या खुराड्याकडे नेत, म्हणजे दुखणं डुकराला जावं. चामखिळीवर गोगलगाय चोळून ती काट्याला टोचून ठेवत. ती वाळेल तशी चामखीळ वाळायची म्हणे. गोगलगायीचं मला फार वाईट वाटतं.

मी आयर्लंडमधल्याच कॉर्कमध्ये बारा वर्षं नर्स होते. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने लहानपणी न्यूट, म्हणजे सरड्यासारखा दिसणारा पाणथळीतला जीव, चाटला होता. तसं केलेल्या माणसाच्या जिभेने भाजलेलं बरं होतं, असं मानत. गावातली भाजलेली पोरं आया त्याच्याकडे आणत. सांगताना त्या म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. डॉक्टर लांब, पैसा नाही, लस तर नव्हतीच. मग आईने करायचं काय? त्या आयांना अडाणी म्हटलेलं मला खपत नाही.

१९३७ ते १९३९ या काळात तिथल्या सुमारे ५०,००० शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून असं सगळं वह्यांमध्ये उतरवलं. त्या वह्या डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जपल्या आहेत. मुलीला म्हणावं, हंसाची चरबी नाकारू नकोस, आजींच्याच दुखऱ्या गुडघ्यांना चोळून दे. आणि चोळताना त्यांना विचार, गाढव कुणाचं होतं, बाळ कोण होतं.