सशाच्या रश्शातले मांस कोरडे का पडते: मोस्ताच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिले आहे की माल्टातल्या मोस्ता गावच्या घरी मालकीणबाईंना जेवायला बोलावून तुम्ही स्तुफ्फात ताल-फेनेक, म्हणजे सशाचा माल्टी रस्सा केला, पण मांस दोऱ्यांसारखे सुटले, रस्सा पाणचट राहिला आणि घासाघासाला हाडांच्या किरच्या दाताखाली आल्या. मांस सुपरमार्केटमधले, आधीच तुकडे केलेले होते, ते तुम्ही मटणासारखे परतून कुकरला लावले, आणि आता पुढच्या वेळी कच्ची पपई लावावी का, असे विचारले आहे. माल्टात आल्यानंतर बराच काळ माझेही नेमके हेच रडगाणे होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कांदा किती परतावा वगैरे तुम्हाला सांगण्याची गरज नाही.

पपई लावू नका. पपई मांसाचे तंतू मोडते, आणि तुमची अडचण मांस निबर असण्याची नसून ते कोरडे पडण्याची आहे. पाळीव सशाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. जी असते ती मूत्रपिंडांभोवती. बोकडाच्या मांडीला जी उष्णता मानवते ती सशाच्या पाठीच्या मांसाला मानवत नाही. शिट्ट्या मोजण्याची सवय इथे पूर्णपणे सोडावी लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. कुकरमध्ये उत्तम ससा करणारे कोणी असतील तर त्यांनी जरूर लिहावे, मला तरी तसे कोणी भेटलेले नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि तो स्वयंपाकघरातला नाही, दुकानातला आहे. पाकिटाच्या तळाशी गुलाबी पाणी साचले होते, असे तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात. माझ्या मते खरे दुखणे तिथेच आहे. गोठवून नंतर वितळवलेल्या मांसातून बरेचसे पाणी आधीच निघून गेलेले असते. असे मांस तेलात टाकले की भाजले न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजते, आणि उरलेला ओलावा रश्शात उतरून रस्सा पातळ होतो. युरोपीय संघाच्या 1169/2011 या नियमानुसार, आधी गोठवलेले मांस वितळवून विकायचे असेल तर, काही अपवाद वगळता, तसे वेष्टनावर लिहावे लागते. डुक्कर, मेंढी, बकरी आणि कोंबडी यांच्या मांसावर प्राणी कोणत्या देशात वाढवला हे 2015 पासून सांगावे लागते. त्या यादीत ससा नाही, त्यामुळे स्थानिक ससा हवा असेल तर तोंडाने विचारण्यावाचून इलाज नाही. (मी वकील नाही, तक्रार करण्यापूर्वी नियम स्वतः वाचून पाहा.)

मी ज्या मोठ्या दुकानातून मांस घेत असे त्याचे नाव इथे लिहीत नाही. तिथल्या पाकिटावर वितळवल्याची नोंद नव्हती, मात्र काही तुकड्यांच्या मध्यभागी बर्फाचे खडे हाताला लागत. पावती आणि छायाचित्रे घेऊन मी ग्राहक खिडकीवर गेलो. त्यांनी मांस विभागाकडे पाठवले, मांस विभागाने पुरवठादाराशी बोला असे सांगितले, पुरवठादाराने आपण ग्राहकांशी थेट बोलत नसल्याचे कळवून मला पुन्हा त्याच खिडकीवर आणून सोडले. तिथल्या बाईंनी शेवटी अत्यंत सौम्य स्वरात सुचवले की भारतीय पद्धतीने जास्त शिजवल्यामुळे असे होत असावे. पैसे गेले त्याचे फारसे नाही. पण त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी महिनोन्‌महिने वाइन बदलत, आच बदलत, वेळ बदलत राहिलो आणि मांस मात्र तेच आणत राहिलो, हे नुकसान मोठे होते. लेखी उत्तर आजतागायत आलेले नाही.

म्हणून अख्खा ससा घ्या, शक्यतो गावातल्या खाटकाकडून, डोके आणि मूत्रपिंडांसकट. डोके ठेवण्याची पद्धत मांजर विकले जात नाही हे दिसावे म्हणून पडली, असे सांगतात. खरे-खोटे काहीही असो, अख्खे जनावर पाहून ताजेपणा कळतो. तुकडे करताना सत्तूर चालवू देऊ नका. सशाची हाडे बारीक आणि ठिसूळ असल्याने घाव घातला की त्यांच्या किरच्या उडतात. सांध्यांवर सुरीने मोकळे केलेले मागचे दोन पाय, पुढचे दोन, आणि पाठीचे दोन-तीन मोठे तुकडे एवढे पुरेत. काळीज वेगळे ठेवा.

रात्रभर रेड वाइन, लसूण आणि तमालपत्रात मुरवलेले तुकडे आधी कापडाने कोरडे टिपून, गर्दी न करता ऑलिव्ह तेलात लालसर करावेत. मग कांदा, कुन्सेर्वा म्हणजे इथली घट्ट टोमॅटो पेस्ट, मुरवणाची वाइन, आणि मंद आच. कुन्सेर्व्यात बहुधा मीठ आणि साखर असते, तेव्हा मीठ शेवटी. पाठीचे तुकडे लवकर होतात, ते काढून ठेवून पायांना तास-दीड तास द्यावा आणि वाढण्यापूर्वी पाठ पुन्हा रश्शात सोडावी. बटाटा आणि गाजर मध्ये, मटार अगदी शेवटी, काळीजही तेव्हाच. रानटी सशाला याहून बराच जास्त वेळ लागतो. हे सगळे पाळीव सशापुरते समजावे.

गरम मसाल्याबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो: पाहुणे माल्टाचे असतील तर घालू नका. इथे सशाचे प्रकरण नाजूक आहे. तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या नाइट्सचे महाप्रमुख हिमेनेस यांनी सशांच्या शिकारीवर घातलेली बंदी 1775 च्या पाद्र्यांच्या उठावामागच्या नाराजीत गणली जाते, आणि आजही इमनारियाच्या सणाला, 28 जूनच्या रात्री, लोक बुस्केत्तच्या झाडीत बसून लसूण-वाइनमध्ये तळलेला ससा खातात. घरच्यांसाठी मात्र मी बिनदिक्कत दोन लवंगा टाकतो.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक सूचना: आपल्याकडचा रानससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्या वाटेला जाऊ नका. हाच रस्सा गावठी कोंबडीच्या तंगड्यांचा चांगला होतो.

आणि मालकीणबाईंना पुन्हा बोलावणार असाल तर रस्सा थोडा जास्तच करा. इम्जार किंवा बाहरिया या गावांकडे फेन्कातेच्या, म्हणजे सशाच्या खास मेजवानीच्या, जेवणात आधी त्याच रश्शात घोळलेली स्पॅगेटी येते आणि ससा मागाहून; दोन्ही एकाच ताटात वाढले तर त्या काही बोलणार नाहीत, पण त्यांच्या लक्षात येईल.