रिपोर्ट नॉर्मल, मग छातीत धडधड कसली?

फाइल टेबलावर ठेवत समोर बसलेल्या गृहस्थांची पत्नी म्हणाली, "मॅडम, ईसीजी तीनदा झाला, टू-डी इको झाला, ट्रेडमिलवर पळवूनही झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात मनाचं आहे. आणि सासूबाई म्हणतात, कामाचा कंटाळा आलाय ह्यांना."

हे गृहस्थ पंचेचाळिशीचे. मान खाली, हात सारखा शर्टाच्या खिशावर. खिशात हृदयविकाराचा त्रास झाला तर जिभेखाली ठेवायची गोळी होती. गरज नाही असं डॉक्टरांनी सांगूनही ती ते जवळ बाळगायचे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

चाकणहून तळोज्याला माल नेणारा स्वतःचा टेम्पो. दीड वर्षापूर्वी रात्रीचं जागरण, पोटात नुसता चहा, आणि पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर कामशेतच्या बोगद्यात पुढे ट्रक बंद पडला. धूर, हॉर्न, मागे-पुढे गाड्या. अचानक छाती आवळली, बोटांना मुंग्या आल्या, "आता गेलो" असं वाटलं. अर्ध्या तासात सगळं शांत झालं, पण त्या दिवसानंतर बोगदा टाळून जुन्या हायवेने जाणं सुरू झालं. मग घाटातही धडधडू लागलं, म्हणून मुंबईकडची भाडीच बंद. आता लिफ्ट नको आणि लग्नाचं भरलेलं कार्यालयही नको.

"खरं सांगा, मी नाटक करतोय की वेडा होतोय?" त्यांनी विचारलं.

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो. छातीत दुखलं तर आधी दवाखाना गाठायचा, त्यात हयगय नाही. पण हृदय ठीक निघाल्यावर "मनाचं आहे" एवढंच सांगून माणसाला घरी पाठवणं मला निष्ठुर वाटतं. त्याला ते "तुम्हाला काही झालेलं नाही" असंच ऐकू येतं, आणि झालेलं तर असतं: पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणारी तीव्र भीती.

मी कागदावर डोक्याचं चित्र काढलं. कानाच्या आतल्या बाजूला, खोलवर, बदामाएवढी एक गाठ आहे, अमिग्डाला. दोन्ही बाजूंना एकेक. धोक्याचा वास आला की विचार पूर्ण व्हायच्या आत ती शरीराला कामाला लावते. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, हृदय जोरात धावतं, श्वास भरभर होतो. पळायचं असेल तर हे सगळं हवंच. पण स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाला पळायचं कुठे? धावपळ नसताना श्वास मात्र वाढलेला, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. माणूस म्हणतो, हार्ट अटॅकच. हा विचारच पुन्हा नवा धोका ठरतो आणि चक्र फिरत राहतं. बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत ते टोकाला जातं आणि उतरतं.

ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "ती बदामाची गाठ काढून टाकता येत नाही का?"

गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाचा प्रश्न! मला त्यावर एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी अमेरिकन स्त्री आठवली. एका दुर्मीळ आजारात तिचे दोन्ही अमिग्डाला निकामी झाले. ती साप सहज हातात घ्यायची, भीती म्हणून नाही. पण संशोधकांनी तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदाच हुंगायला दिली, तर ती घाबरून मास्क ओढू लागली. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. श्वास कोंडल्याची भीती अमिग्डालाशिवायही उसळू शकते. पूर्वी मीही अमिग्डालाला 'भीतीचं केंद्र' म्हणून मोकळी व्हायचे. हे वाचल्यापासून जपून बोलते.

चित्र बघून त्यांचा चेहरा सैल झाला. पुढच्या आठवड्यात मात्र तक्रार आली, "सगळं कळलं, तरी बोगद्याचा विचार आला की धडधडतंच."

येणारच होती. माझ्या चित्राने बदामाला काय कळणार? त्याला भाषण समजत नाही, जे घडतं ते समजतं. आणि बोगदा टाळल्यावर दरवेळी त्याला एकच धडा मिळत होता: टाळलं म्हणून वाचलो. खिशातली गोळीही तोच धडा देत होती.

म्हणून आम्ही उलटं केलं. त्यांच्या डॉक्टरांना विचारून, माझ्याच खोलीत एक मिनिट मुद्दाम भरभर श्वास घेतला. तिघांनीही. मुंग्या आल्या, गरगरलं. त्यांची पत्नी कपाळाला हात लावून हसत सुटली, "अहो, मलापण तस्संच होतंय!" दीड वर्षात पहिल्यांदा ते त्या धडधडीकडे बघून हसले. मग लिफ्ट, आधी एक मजला. मग भाचीचं लग्न, खुर्ची मधल्या रांगेत. मग मित्राच्या गाडीत बाजूला बसून बोगदा, आणि शेवटी स्वतः, गोळी घरी ठेवून. यात तीनेक महिने गेले. मध्ये दोन आठवडे ते फिरकलेच नाहीत. काहींना याच्या जोडीला मनोविकारतज्ज्ञांची औषधं लागतात, त्यांना लागली नाहीत.

निरोप घेताना मी बजावलं होतं की जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी सवय बसते. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हने घंटेपाठोपाठ खाणं द्यायची सवय लावली, तशी कुत्र्यांना नुसत्या घंटेवरही लाळ सुटू लागली. मग खाणं न देता घंटा वाजवत राहिल्यावर ती लाळ थांबली, तरी मध्ये काही काळ गेल्यावर पुन्हा सुटायची. तेव्हा कधीतरी परत आलं तर घाबरू नका.

पावसाळ्यात फोन आला. "मॅडम, आला होता. भर बोगद्यात."

"मग?"

"मग काय, म्हटलं बस मागे. माल सातच्या आत उतरवायचाय."