गणपतीचे दोन आठवडे पोटभर जेव

चिरंजीव मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि वजनाचा तक्ता, दोन्ही नीट पाहिलं. सहा महिन्यांत 82 वरून 71 किलोवर आलीस. आता काटा तीन आठवडे तिथेच अडलाय, म्हणून 1400 कॅलरीवरून थेट 1000 वर उतरायचं तुझ्या मनात आहे आणि त्याला माझा होकार हवाय. तो मिळणार नाही. उलट माझं म्हणणं असं की गणपती येताहेत, तर दोन आठवडे वजन उतरवणं चक्क बंद ठेव आणि पोटभर जेव.

चिडू नकोस, कारण सांगते.

तक्त्यापेक्षा मला तुझ्या पत्रातल्या बारीकसारीक ओळी महत्त्वाच्या वाटल्या. ऑफिसात एसी नसतानाही हात गार पडतात. दुसऱ्या मजल्यासाठीही लिफ्ट लागते. रात्री अंथरुणात पडून मिसळीचे व्हिडिओ बघतेस. रूममेटने तुझ्या डब्यातली अर्धी पोळी उचलली म्हणून तिच्याशी दोन दिवस अबोला धरलास! अगं, हा तुझा स्वभाव नाही, ही भूक आहे. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने निम्म्या आहारावर ठेवलं होतं. सगळे स्वेच्छेने आलेले. काही आठवड्यांत ती मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटली चाटून पुसायची, क्षुल्लक कारणावरून एकमेकांवर डाफरायची. तुझी उपासमार तेवढी नाही, पण दिशा तीच.

अंगातही बदल होतात. 11 किलो कमी झालेल्या शरीराला मुळातच कमी इंधन लागतं. त्यात ते काटकसर करायला लागतं. उठबस कमी होते, बसल्या बसल्या पाय हलवणंसुद्धा थांबतं, आणि हे आपल्या लक्षातही येत नाही. चरबी घटली की लेप्टिन नावाचं संप्रेरक उतरतं आणि मेंदू भुकेची घंटा जोरात वाजवतो. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी 1400 कॅलरीत जी तूट पडत होती, म्हणजे खर्चापेक्षा जेवढं कमी पोटात जात होतं, ती आज तेवढी पडत नाही. अशा वेळी 1000 वर गेलीस तर चार दिवस काटा खूश करेल, आणि पाचव्या दिवशी रात्री अकराला तू फोनवर काय मागवशील ते मला इथे कोल्हापुरात बसून दिसतंय.

आता सुट्टीचा मुद्दा. ऑस्ट्रेलियात टास्मानिया विद्यापीठातल्या न्युआला बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 51 लठ्ठ पुरुषांवर एक प्रयोग केला. तो ‘मॅटाडोर’ या नावाने ओळखला जातो. एका गटाने सलग 16 आठवडे कमी खाल्लं. दुसऱ्या गटाने तेवढेच आठवडे कमी खाल्लं, पण दोन आठवडे तूट आणि दोन आठवडे गरजेपुरतं पूर्ण जेवण अशा पाळ्या लावून. त्यांना 30 आठवडे लागले. सलगवाल्यांचं वजन सरासरी 9.1 किलो उतरलं, सुट्टीवाल्यांचं 14.1. इंटरनेटवर ‘ब्रेक घ्या, मेटाबॉलिझम पेटवा’ म्हणून जो गजर चालतो, तो बराचसा याच्या जिवावर.

त्या गजराला भुलू नकोस. नंतर व्यायाम करणाऱ्या स्त्री-पुरुषांवर असेच प्रयोग झाले, त्यांत दोन्ही गटांची चरबी सारखीच उतरली. चयापचय पेटलं वगैरे काही दिसलं नाही. सुट्टीवाल्यांना भूक मात्र कमी जाणवली, जीव कमी मेटाकुटीला आला. माझ्या लेखी एवढं पुष्कळ आहे. मला आणखी एक जुना अभ्यास आवडतो, 2003 चा, विंग आणि जेफ्री यांचा. मधेच डाएट सोडायला लावलं की माणसं कशी घसरतात ते त्यांना बघायचं होतं. सांगून सवरून सोडायला लावलं, आणि माणसं फारशी घसरलीच नाहीत. शेवटी सगळ्यांचं वजन जवळपास सारखंच उतरलेलं. म्हणजे सुट्टी घेतली म्हणून सगळं मुसळ केरात जातं, ही तुझी जी भीती आहे, तिला फारसा आधार नाही. ठरवून थांबणं आणि कोलमडणं यांत फरक आहे, आणि तो फरक तारखेचा आहे. सुरू कधी, संपणार कधी, हे आधी कॅलेंडरवर लिही.

किती खायचं? तक्ता सांगतो की अडण्याआधी तुझं वजन आठवड्याला साधारण 400 ग्रॅमने उतरत होतं. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी, म्हणजे रोजची तूट सव्वाचारशे-साडेचारशेची होती. आता ती आटली असणार, म्हणून रोज साडेतीनशे वाढव. 1750 च्या आसपास जा, त्यापुढे नको. ही वाढ मुख्यतः भात, भाकरी, पोळी, फळांची असू दे. सकाळच्या अंड्यांबरोबर वाटीभर पोहे. दुपारच्या डब्यातली जी पोळी तू परत पाठवतेस ती खा. रात्री ताक-काकडीवर भागवतेस, तिथे एक ज्वारीची भाकरी किंवा वाटीभर वरणभात घे, वर चमचाभर तूप. डाळ, अंडी, दही, पनीर आहे तसंच ठेव. चालणं आणि वजनं उचलणं चालूच. उलट व्यायामात या दिवसांत जोर येईल, त्याचा फायदा घे.

आणि मोदक? खा की. उकडीचा एक मोदक तुपासकट दीडशे-पावणेदोनशे कॅलरीचा धरला, तर दोन मोदकांत रोजची वाढ संपते. त्या दिवशी भाकरी-पोह्यांची वाढ सोड आणि मोदक मिटक्या मारत खा. गौरीजेवणाच्या दिवशी थोडं इकडेतिकडे होणारच, त्या दिवशी हिशेबच लिहू नकोस. मात्र रोजच एकादशी अन् दुप्पट खाशी झालं तर ती सुट्टी नव्हे. रोज 1750 च्या जागी 2500 गेले तर दोन आठवड्यांत सव्वा-दीड किलो चरबी परत येईल, आणि तिला मी जबाबदार नाही.

आता जिथे मुली हमखास घाबरतात ती गोष्ट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा किलो-दीड किलोने वर जाईल. ती चरबी नाही. भात-भाकरी वाढली की यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, साठतं आणि दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वर मिठामुळे अंगात धरलेलं पाणी, पोटातलं वाढीव अन्न. पाळीच्या आधीचे दिवस असतील तर आणखी. म्हणून वजन रोज बघायचं असेल तर बघ, पण निष्कर्ष काढायचा तो सुट्टी संपल्यावर आठ-दहा दिवसांनी, आणि तुलना मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच दिवसांशी.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी परत 1400 ची थाळी. हळूहळू वगैरे उतरू नकोस. आदल्या दिवशीच भाजी आणून ठेव, उरलेला प्रसाद ऑफिसात वाट, डबेवाल्या काकूंना पोळ्या कमी करायला सांग. पहिले दोन दिवस भूक ओरडेल, मग बसेल. तिथून दिवाळीपर्यंत साधारण दीड महिना मिळतो, तेवढा तूट धरायला पुरेसा आहे. दिवाळीत पुन्हा आठवडाभर सुट्टी, फराळासकट, याच हिशेबाने. आपले सण इतके सोयीच्या अंतरावर आहेत आणि आपण डाएट मात्र एक जानेवारीला सुरू करतो.

एक मात्र विचारायचं राहिलं, आणि त्याचं खरं उत्तर दे. पाळी वेळेवर येतेय ना? लांबली किंवा थांबली असेल तर हे पत्र बाजूला ठेव. मग प्रश्न दोन आठवड्यांच्या सुट्टीचा उरत नाही. तूट बंद करायची आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. तसंच, भाकरी ताटात आली की छातीत धडधडत असेल, खाल्ल्यावर स्वतःला शिक्षा करावीशी वाटत असेल, तर मला फोन कर. ते काम माझं एकटीचं नाही, समुपदेशक लागेल. तुझ्या ओळखीतलं कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिनवर असेल तर त्याला हे पत्र फॉरवर्ड करू नकोस; त्याने जेवणातले बदल आधी डॉक्टरांना विचारून करायचे.

दोन आठवडे संपले आणि तरीही परत कमी खायची इच्छाच होत नसेल, तर आणखी दोन आठवडे याच जेवणावर राहा. 71 वर दोन महिने टिकून राहता येणं हेसुद्धा शिकायलाच लागतं, कारण पुढे 65 वर पोचलीस तरी तिथे टिकायचंच आहे.

चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधीपासून सुरुवात कर. तारखा लिहून मला पाठव, आणि रूममेटला मोदक दे.

तुझी,
मावशी