आजी म्हणते ‘हेच ऐकलंय मी’, धाकटे आजोबा ताट सोडून उठतात

पत्र थोडक्यात असं : “माझे आजोबा आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवण्याच्या कायद्याखाली, चौदा महिने नाशिक रोडच्या तुरुंगात होते. ते आता नाहीत. आजी ८४ वर्षांची आहे. टीव्हीवर एका नेत्याचं भाषण लागलं की ती म्हणते, ‘अगदी हेच ऐकलंय मी तेव्हा.’ आजोबांचे धाकटे भाऊ रेल्वेत होते आणि या नेत्याचे चाहते आहेत. ते उसळतात, ‘वहिनी, तेव्हा गाड्या तरी वेळेवर धावायच्या!’ रविवारी कोणीतरी अर्धं ताट सोडून उठतंच. खरं कोणाचं? आणि मी मध्ये काय करू? – एक नात”

प्रिय नात,

नेत्याचं नाव तुम्ही लिहिलं होतं, आम्ही गाळलं. नाव कळलं की निम्मे लोक तिथेच निकाल लावून मोकळे होतात. तुमच्या घरी रविवारी नेमकं तेच होतंय.

आधी धाकट्या आजोबांचं. त्यांची आठवण खोटी नाही, फक्त तिचं कारण त्यांनी नंतर जोडलंय. मे १९७४ मध्ये रेल्वेचा मोठा संप झाला आणि तो मोडून काढला गेला. रेल्वेतल्या माणसाला त्या गोंधळानंतरची शिस्त उठून दिसणारच. आणीबाणीच्या खात्यात स्वस्ताईही टाकली जाते, पण महागाई १९७४ च्या अखेरीसच उतरू लागली होती आणि १९७५ चा पाऊस चांगला झाला. आणीबाणी आली २५ जून १९७५ ला. म्हणजे स्वस्ताईचं सगळं श्रेय तिला देता येत नाही. हे त्यांना जेवताना ऐकवू नका. ‘चौऱ्याहत्तरच्या संपात तुम्ही कुठे होता?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. त्या प्रश्नाला त्यांच्याकडे बरंच उत्तर असेल.

आता आजी. तिच्याबरोबर सकाळी एकटीने बसा. ‘तेव्हा कसं वाटायचं?’ या प्रश्नाला ती आजचं मत सांगेल. त्याऐवजी वस्तू आणि दिवस विचारा : आजोबांना न्यायला आले तेव्हा घरात कोण कोण होतं? भेटीला जाताना डब्यात काय नेलं? ते सुटून आले ती दिवाळी कुठली? लिहिताना समासात तीन खुणा करा : पाहिलेलं, तेव्हा ऐकलेलं, नंतर वाचलेलं. पन्नास वर्षांत या तिन्हींची खिचडी होते, आणि धाकटे आजोबा नेमकी तिसऱ्या प्रकारातली एखादी चूक धरून सगळंच उडवून लावत असणार. एक उदाहरण देते. ‘तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची केली होती’ असं त्या पिढीतले बरेच जण सांगतात. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये तसं विधेयक मंजूर केलं होतं हे खरं, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झालाच नाही. लोकांनी सोसली ती नसबंदीचं ‘टार्गेट’ पुरं करण्यासाठीची दांडगाई. आजीही असंच म्हणाली तर ती चुकत नाही, फक्त तिचा शब्द दुरुस्त करावा लागतो. तो तुम्ही आधीच केलात तर वाद तिथे अडकणार नाही.

‘हेच ऐकलंय’ हे मात्र तपासता येतं. एका कागदावर आजच्या भाषणातलं एक अख्खं वाक्य तारखेसह उतरवा. कापलेली क्लिप नको, मागची-पुढची दोन मिनिटं ऐका. शेजारी तेव्हाचं वाक्य. १९७१ च्या प्रचारात इंदिरा गांधी म्हणत, ‘वो कहते हैं इंदिरा हटाओ, मैं कहती हूँ गरीबी हटाओ.’ यातली हातचलाखी बघा : टीका नेत्यावर झाली, उत्तर गरिबांच्या नावाने आलं, आणि टीका करणारा आपोआप गरिबांचा वैरी ठरला. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ यांनी ‘इंदिरा म्हणजे भारत’ म्हणून टाकलं, आणि विरोधामागे ‘परकीय हात’ दिसू लागला. आजच्या वाक्यात हीच उडी आहे का, एवढंच बघा. मग तेच वाक्य आजीच्या लाडक्या पक्षाच्या तोंडी घालून तिला वाचून दाखवा. ही पायरी गाळलीत तर धाकटे आजोबा कागद हातातही धरणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

भाषण जुळलं म्हणून काळ जुळत नाही. त्यासाठी दुसरा कागद. डावीकडे तेव्हा झालेलं : वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणारी ३९ वी घटनादुरुस्ती, आणि सर्वोच्च न्यायालयाचा २८ एप्रिल १९७६ चा चार विरुद्ध एक निकाल, ज्याने स्थानबद्धांना दाद मागायचा रस्ता बंद केला. (तो एक म्हणजे न्या. एच. आर. खन्ना.) तपशील आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालात मिळतो, त्याचे तीन भाग १९७८ मध्ये आले. उजवीकडे प्रत्येकापुढे आजची स्थिती, पुराव्यासह. काही रकाने भरतील, काही कोरे राहतील. कोरे आहेत ते कोरेच ठेवा. ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३५२ मधली, म्हणजे आणीबाणी लावायच्या कारणांतली, ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र बंड’ घातलं, म्हणजे ते दार आता अरुंद आहे, हेही आजीला सांगा. तिची भीती थोडी हलकी होईल.

हिटलरला या घरात आणू नका. तो आला की जेवण संपलं. आणि यातलं काहीही कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

ताजा कलम लिहिलात ते बरं झालं : आजोबांची तुरुंगातून आलेली अकरा अंतर्देशीय पत्रं आजीच्या ट्रंकेत आहेत. त्यांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. चिकटा पिवळा पडतो आणि पुन्हा निघत नाही. सपाट करून ६०० डीपीआयवर दोन्ही बाजू स्कॅन करा, कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक टाका. शाई फिकट असेल तर ऊन दाखवू नका. पुढच्या रविवारी जेवणं आटोपल्यावर टीव्ही बंद करून त्यातलं एकच पत्र मोठ्याने वाचायला धाकट्या आजोबांना द्या. भावाचं अक्षर त्यांना तुमच्यापेक्षा लवकर लागेल. कुठलं पत्र, ते आजीला ठरवू द्या.