एकाच मोबाइल अ‍ॅपवरून चार-पाच ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेले छोटे कंट्रोलर) कसे चालवायचे?

ब्लूटूथच्या नादी लागू नका; बोर्ड वाढले की जोडण्या सांभाळणं अवघड जातं. सगळे बोर्ड एकाच वायफायवर घ्या आणि एमक्यूटीटी (उपकरणांनी एकमेकांना छोटे संदेश पाठवायची पद्धत) वापरा. मध्ये एक ब्रोकर, म्हणजे निरोप घेऊन पुढे पोचवणारा सर्व्हर, लागतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मॉस्किटो हे ब्रोकरचं सॉफ्टवेअर टाकलं तरी पुरे. अ‍ॅप थेट बोर्डशी बोलतच नाही, ते ब्रोकरला निरोप देतं. त्यामुळे कुठल्या बोर्डाचा आयपी बदलला तरी काही बिघडत नाही.

प्रत्येक बोर्डाला स्वतःचे टॉपिक (निरोपाचे पत्ते) द्या: ‘बोर्ड१/रिले/आज्ञा’, ‘बोर्ड१/रिले/स्थिती’ (रिले म्हणजे बोर्डाने चालू-बंद होणारा स्विच). आज्ञा आणि स्थिती वेगळी ठेवाच. बटण दाबलं म्हणजे रिले चालू झाला असं अ‍ॅपने गृहीत धरू नये, बोर्डाने कळवल्यावरच बटणाचा रंग बदलावा. स्थितीचा संदेश ‘रिटेन’ करून (ब्रोकरने तो जपून ठेवावा असं सांगून) पाठवा, म्हणजे अ‍ॅप उघडताच शेवटची स्थिती दिसते. बोर्ड बंद पडल्याचं कळायला ‘लास्ट विल’ आहे: बोर्ड अचानक तुटला की त्याने आधी ठरवून दिलेला संदेश ब्रोकर पाठवतो.

सगळ्यात महत्त्वाचं, क्लायंट आयडी (ब्रोकर बोर्डाला ज्या नावाने ओळखतो ते) प्रत्येक बोर्डाचा वेगळा हवा. तोच कोड सगळीकडे टाकला की आयडी सारखा राहतो, नवा बोर्ड जोडला की ब्रोकर जुन्याला तोडतो आणि दोघं आळीपाळीने तुटत राहतात. मॅक पत्त्यावरून (प्रत्येक बोर्डाचा वेगळा असलेला हार्डवेअर क्रमांक) आयडी बनवा, मग कोड एकच चालतो.

ब्रोकरला पासवर्ड लावा. एमक्यूटीटीचं नेहमीचं १८८३ पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवू नका.