साहेबांना शब्द तुम्ही दिलात, नोकरी मुलाला करायची आहे

प्रश्न : माझा मुलगा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बीएफएस्सी (मत्स्यविज्ञानाची पदवी) झाला. रत्नागिरीतल्या एका मासळी निर्यात कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागून त्याला पावणेचार वर्षं झाली. ज्या साहेबांनी त्याला घेतलं, ते आता गुजरातेत वेरावळच्या कंपनीत चाललेत आणि नारळी पौर्णिमेच्या आत त्यालाही बोलावतायत. पगार 26 हजारांचा 34 हजार होईल म्हणाले. मी त्यांना 'येईल' असं सांगून टाकलंय, पण मुलगा काहीच बोलत नाही. पीएफ तिकडे ट्रान्सफर होतो, म्हणजे सर्व्हिसही धरली जाईल, नुकसान काही नाही. मी एसटीत आयुष्य काढलं. उपकार विसरू नयेत, हे मी त्याला शिकवलंय. तुम्ही त्याला समजावा.
– एक वडील, रत्नागिरी

उत्तर : समजवायचंच तर आधी तुम्हाला समजवायला हवं, असं तुमचं पत्र वाचून वाटलं. वेरावळ, पगार, साहेब या सगळ्यावर तुम्ही भरभरून लिहिलंत. मुलाबद्दल एकच वाक्य आहे, तो काही बोलत नाही. मला काळजी वाटते ती त्याचीच. नोकरी करणाऱ्या, कमावत्या मुलाच्या वतीने वडिलांनी परस्पर होकार दिला, तर त्याने बोलायचं काय? नाही म्हटलं तर वडिलांचा शब्द खाली पडतो, हो म्हटलं तर मनाविरुद्ध परमुलखात जायचं. अशा वेळी गप्प बसण्याला होकार समजू नका.

आता उपकारांचं. साहेबांनी त्याला संधी दिली, हे खरंच मोठं आहे आणि त्याने ते जन्मभर लक्षात ठेवावं. पण पावणेचार वर्षं त्याने त्यांच्या हाताखाली काम केलं, पहाटे गाडी आली तरी सॅम्पल घेतले, रिपोर्ट वेळेवर दिले. परतफेड त्यातच झाली. तुमच्या नोकरीत किती डेपो मॅनेजर आले आणि बदलून गेले! त्यांच्यातलेही काही चांगले असतील. त्यांच्यामागोमाग तुम्ही बदली मागितलीत का? नाही ना. तुमची निष्ठा कामाशी होती. मुलालाही तेवढीच मोकळीक द्या.

पीएफबद्दलचा तुमचा समज अर्धाच बरोबर आहे. पीएफ यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या खाते क्रमांकावर, पुढे चालतो, पेन्शनसाठी मागची वर्षं मोजली जातात, हे खरं. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांचं, तसं नाही. 1972 च्या कायद्यापासून नियम असा की, कायम नोकरीत एकाच मालकाकडे सलग पाच वर्षं भरावी लागतात. कंपनी बदलली की मोजणी शून्यापासून. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15 हजार धरले, तर दर वर्षाला त्या रकमेच्या 15 भागिले 26 या हिशेबाने पाच वर्षांचे सुमारे 43 हजार होतात. आत्ता सोडलं तर त्यातलं काही मिळणार नाही. ही रक्कम काही नोकरीला बांधून ठेवण्याएवढी नाही, चांगल्या कामासाठी ती सोडूनही जावं. पण 'नुकसान काही नाही' हे चूक आहे. शिवाय वाढलेल्या आठ हजारांतून तिथलं खोलीभाडं आणि जेवण वजा करा, मग बोला.

साहेबांबरोबर गेलं की पाठीशी माणूस असतो, असं तुम्हाला वाटत असेल, तर तेही मला पटत नाही. नव्या कंपनीत साहेब स्वतःच नवे असणार. वर्षभरात त्यांचं मालकाशी जमलं नाही तर 'साहेबांचा माणूस' म्हणून तुमच्या मुलाकडेही बोट जाईल. म्हणून जायचंच ठरलं तर ऑफर लेटर कंपनीचं हवं, त्यात पद आणि पगार लिहिलेला हवा. साहेबांच्या तोंडी शब्दावर राजीनामा देऊ नये. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या बाँडवर सही मागितली तर आधी नीट वाचावा.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही. साहेब गेले की इथली त्यांची खुर्ची रिकामी होते! मासळी निर्यात करणाऱ्या युनिटला निर्यात तपासणी यंत्रणेची मान्यता असलेला टेक्नॉलॉजिस्ट लागतो. पावणेचार वर्षं हॅसेपचं (अन्नसुरक्षेतले धोके ओळखून ते आवरण्याच्या पद्धतीचं) काम केलेला बीएफएस्सी मुलगा त्याच प्लँटमध्ये आहे. साहेबांची जागा लगेच त्याला मिळणार नाही, पण वरची एक पायरी मिळू शकते. त्याने मॅनेजमेंटकडे जाऊन सरळ विचारावं : माझ्याकडे कोणती जबाबदारी देणार, मान्यतेसाठी माझं नाव पुढे करणार का? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, प्लँटमध्ये त्यातल्या त्यात उसंत असते. हे बोलणं तेव्हाच व्हावं. ठोस उत्तर मिळालं नाही, तर वेरावळचा विचार खुशाल करावा.

एमएफएस्सी, म्हणजे पुढची पदव्युत्तर पदवी, करायचं मनात असेल तर आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) प्रवेश परीक्षा आणि वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, सरकारी नोकरी हवी तर एमपीएससी. हे त्याला माहीत असणारच.

तुम्ही मात्र एक काम करा. साहेबांना फोन करून सांगा, "मी घाईने हो म्हणालो, निर्णय मुलगा स्वतः कळवील." हा फोन आजच व्हायला हवा. तुमच्या भरवशावर त्यांनी तिकडे त्याचं नाव दिलं असेल, तर ऐन हंगामाच्या तोंडावर नकार कळणं त्यांच्याही अडचणीचं होईल.